हाकेसरशी उठणारी पेर्नेत

"हातात काही धरून बसलेल्या पोरीला उगाच हाक मारत जाऊ नकोस गं," असं आंद्रिएन वन्सं म्हणाल्या होत्या, आणि ज्यूदितने ते हसण्यावारी नेलं होतं.

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची, अब्रामची, थोरली बहीण. लग्नाच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. डोंगरात, ला शो गावी एकट्या राहून लेस विणायच्या, आणि शरदात गुरं कुरणांवरून खाली उतरली की चीजचा एक अख्खा गोळा पाठीवर टाकून जिनिव्हाला भावाकडे यायच्या. आल्या की जितके दिवस असतील तितके दिवस घरात त्यांचंच राज्य. सारात मीठ कमी आहे, पोराच्या डोक्यावर टोपी का नाही, एवढे जिने चढून माणसं राहतात तरी कशी. ज्यूदित प्रत्येक गोष्टीला "हो वन्सं" म्हणायची आणि आपलं होतं तेच चालू ठेवायची.

त्या खेपेला पेर्नेत खिडकीशी बसली होती. सात वर्षांची पोर. बापाने टाकून दिलेली पितळी चाकं तिने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावली होती, आणि उरलेलं एक नेमकं कुठे बसतं यावर ओठ मुडपून विचार करत होती. ज्यूदितने चुलीपासून हाक मारली, "पेर्नेत." पोरीने चाक खाली ठेवलं, उठली, समोर येऊन उभी राहिली.

"काही नाही. जा आता."

पेर्नेत परत गेली. पण चाकांपाशी नाही, नुसतीच बाकावर जाऊन बसली.

"काय काम होतं?" वन्संनी विचारलं.

"काही नव्हतं."

"मग बोलावलंस कशाला?"

"सवय लागावी म्हणून. मध्येच उठायची. पाहिलंत ना, तोंड वाकडं केलं नाही की मागे वळून बघितलं नाही."

वन्संनी हातातला पाव ताटलीत ठेवला. "अगं, लेस विणायच्या उशीवर दोऱ्याची रिळं पसरलेली असताना खुद्द पाद्रीबाबा दारात आले तरी मी म्हणते, थांबा, एवढी ओळ होऊ दे. तुझी ही सोडायला छान शिकते आहे. धरायला कधी शिकवणार आहेस?"

"ते पुस्तकात पुढे असेल," ज्यूदित हसून म्हणाली. तेव्हा वन्संनी ते उगाच हाक न मारण्याचं वाक्य म्हटलं, आणि चीज कापायला घेतलं.

पुस्तकाचं असं झालं होतं. आमच्या जिनिव्हातल्या सँ-झेर्व्हे पेठेत घड्याळवाल्यांचे कारखाने सगळ्यात वरच्या मजल्यावर, कारण उजेड तिथे. खिडक्यांची एक रांग, खिडक्यांखाली लांबलचक बाक, बाकाशी कानशी चालवणारे तिघे-चौघे, आणि त्यांच्यात एक जण वाचणारा. बाकीचे त्याच्या वाटणीचं काम उरकतात आणि तो सगळ्यांसाठी मोठ्याने वाचतो. राजा कशाला हवा, आत्मा असतो कुठे, कराचा बोजा कुणी उचलायचा, सगळं आमच्याकडे पितळेच्या किसाबरोबर कानात जातं. त्या शरदात, वन्सं यायच्या आधीपासून, अब्रामच्या कारखान्यात लोझानच्या एका तत्त्वज्ञाचं मुलांच्या संगोपनावरचं पुस्तक चाललं होतं. वाचणारा एलिए, अब्रामचा भागीदार. त्याचा घसा बसला की ज्यूदित वाचायची, आणि खरं म्हणजे तीच चांगलं वाचायची.

पहिला भाग मुलग्यांचा. मुलाला बाळोत्यात आवळू नका. त्याच्या अंगरख्याच्या खांद्यांना शिवतात त्या, मूल चालताना मागून धरायच्या दोऱ्या कापून टाका. पडू दे, उठू दे, पाणी ओलं आहे हे पाण्याकडूनच शिकू दे. त्या संध्याकाळी ज्यूदितने धाकट्या तेओच्या अंगरख्याच्या दोऱ्या कात्रीने उसवल्या. तेओ तेव्हा नुकताच बाकाला धरून उभा राहायला लागला होता.

दुसरा भाग मुलींचा, आणि तो छोटा होता. मुलीचं आयुष्य तिच्या हातात नसतं, त्यात म्हटलं होतं. बाप उठवेल, नवरा उठवेल, पाळण्यातलं पोर उठवेल. तेव्हा ती खेळात सगळ्यात जास्त रमलेली असेल त्याच क्षणी तिला उठवा. कारण सांगू नका. कुरकुर चालवून घेऊ नका, मागे वळून पाहणं हीसुद्धा कुरकुरच समजा. ज्याची सवय लहानपणी झाली ते मोठेपणी दुखत नाही.

"हे मी घरी जाऊन बायकोला वाचून दाखवू का?" एलिए म्हणाला. "मी सकाळी हाक मारतो, ती दुपारी ओ देते."

"लहानपणी सुरुवात करायला हवी होती तुम्ही," ज्यूदित म्हणाली, तशी बाकावरची सगळी हसली.

अब्राम हसला नाही. त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. "माझ्या चाकाला माहीत नसतं बुवा, ते बाईच्या घड्याळात बसणार आहे की पुरुषाच्या. दोन्हीकडे सारखंच फिरतं. मग डोकंच काय ते वेगळं?"

"डोकं वेगळं असं नाही म्हटलेलं," ज्यूदित म्हणाली. "आयुष्य वेगळं आहे म्हटलंय."

"मग आयुष्य बदला म्हणावं."

"ते लोझानच्या माणसाला जमणार आहे का? तुम्हाला जमणार आहे?"

अब्रामने भिंग परत लावलं. "घरातलं तू बघ," तो म्हणाला. हे तो नेहमीच म्हणायचा, आणि त्यात राग नसायचा.

ज्यूदितच्या वडिलांचं मत अब्रामसारखंच होतं, आणि घोडं नेमकं तिथेच अडलं होतं. ते सरोवरकाठच्या एका गावचे पाद्री. देवाने आत्मा बाईचा-पुरुषाचा असा वेगळा केला नाही, मग बुद्धी कशी करेल, असं ते म्हणायचे, आणि भावाच्या शेजारी बसवून त्यांनी ज्यूदितला लॅटिन आणि भूमिती शिकवली. भावाच्या आधी तिला गणित सुटायचं. मग भाऊ पुढच्या शिक्षणाला शहरात गेला आणि ज्यूदितचं लग्न ठरलं. एक दिवस ती टेबलाशी एका सिद्धतेच्या मध्यावर होती. वर्तुळात बसवलेल्या चौकोनाची. वडील आले, पुस्तक हळूच मिटलं आणि म्हणाले, "आता पुरे, बाळ." ते हे मायेनेच म्हणाले होते. सारासाठी लीकची भाजी चिरताना ती सिद्धता अजून तिच्या डोक्यात चालायची, आणि नेहमी त्याच जागी येऊन अडायची, पुस्तक मिटलं गेलं त्या जागी.

वडिलांचं तत्त्वज्ञान गोड होतं, पण पुस्तक मिटल्यावर काय करायचं हे त्यात नव्हतं. लोझानच्या माणसाने निदान ते सांगितलं होतं. पेर्नेतला हे दुखणं नको, एवढंच ज्यूदितच्या मनात होतं. म्हणून ती पोरीवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची. कधी ती रमते, कधी तिचं बोलणं थांबतं, कधी ओठ मुडपले जातात. ते दिसलं की हाक. आणि पोर हसतमुखाने येऊन उभी राहिली की तिच्या टोपीवरून हात. दोघींच्यात ती ठरलेली पावती होती.

वन्सं येऊन गेल्या, हिवाळा गेला. पेर्नेत अशी तयार झाली की शेजारणी आपल्या पोरींना तिचं उदाहरण द्यायला लागल्या.

जूनमधल्या एका दिवशी ज्यूदितने पेर्नेत आणि तेओला धोबिणीबरोबर नदीवर पाठवलं. ऱ्होनच्या काठाला धोबिणींच्या कपडे धुवायच्या सपाट होड्या बांधलेल्या असतात, तिथली जानोत कितीतरी वर्षं त्यांचे कपडे धुवायची. पोरं काठावर खेळणार, जानोत अधूनमधून बघणार, हे नेहमीचंच. कारखान्याच्या शेवटच्या खिडकीतून दोन घरांच्या मधल्या फटीतून काठाचा तेवढा तुकडा दिसतो, आणि ज्यूदित हातातलं शिवण घेऊन त्या खिडकीतच बसली होती.

तिला पेर्नेत दिसली. उकिडवी बसून काठावरच्या गोट्यांची ओळ लावत होती. एकच हात चालत होता, दुसरा अंगाआड होता. मान खाली. एवढ्या वरूनही कळत होतं की पोर जगाला विसरली आहे. तेओ दिसत नव्हता, म्हणजे जानोतजवळ असणार.

ज्यूदित खिडकीतून वाकली. "पेर्नेत."

पोरीने मान वर केली, उठली आणि चालायला लागली. एकदाही वळून बघितलं नाही. ज्यूदितला मनातून बरं वाटलं.

जिने पुष्कळ आहेत, वर यायला वेळ लागतो. पेर्नेत दारात आली तेव्हा धापा टाकत होती, पण चेहरा नेहमीसारखा. समोर येऊन उभी राहिली, टोपी जरा पुढे करून.

"तेओ कुठे आहे?" ज्यूदितने विचारलं. नुसतं विचारायचं म्हणून.

"खाली."

"जानोतजवळ?"

"नाही. माझ्याजवळ होता. मी त्याचा अंगरखा धरला होता."

कारखान्यातल्या कानशी थांबल्या. अब्राम उठला तो भिंग डोळ्यावर तसंच ठेवून जिन्याकडे धावला, आणि ज्यूदित त्याच्या मागे. त्या जिन्यांवरून ती खाली कशी गेली हे तिला पुढे कधी आठवलं नाही. एलिए मागून काहीतरी ओरडत होता.

काठावर बायकांचं कोंडाळं होतं. जानोत गुडघाभर पाण्यात उभी, आणि तेओ तिच्या हातात पालथा, पाणी ओकत. मग तो रडला. तो रडला तेव्हा ज्यूदित खाली बसली, गोट्यांच्या त्या ओळीवरच.

"दोन होड्यांच्या मध्ये घुसला होता," जानोत म्हणाली. "चादर पिळायला वाकले म्हणून दिसला. नाहीतर मी बघितला कशाला असता? पोरगी बसली होती ना त्याच्यापाशी. तिच्या भरवशावर मी कपडे आपटते. आणि बाई, त्याच्या अंगरख्याला एक दोरी लावायला काय झालं होतं? आम्ही हात घालून घालून शेवटी केसाला धरून ओढला."

 अब्रामने पोराला आपल्या कोटात गुंडाळलं. त्याचा एक डोळा भिंगामुळे भलामोठा दिसत होता, आणि ते काढायचं कुणाला सुचलं नाही.

वर आले तेव्हा पेर्नेत जिथे उभी होती तिथेच उभी होती. तिने तेओकडे बघितलं, मग आईकडे. "मी लगेच आले ना?" तिने विचारलं.

ज्यूदितला तिच्या टोपीवरून हात फिरवता आला नाही. मारताही आलं नाही. ती तेओचे ओले कपडे काढत राहिली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात पुस्तक कुणी उघडलं नाही, पण बोलणं त्याचंच चाललं होतं.

"लेखक म्हणेल, नियम बरोबरच होता, वापरणाऱ्याचं चुकलं," एलिए म्हणाला. "तत्त्वज्ञांची ही एक सोय असते."

"चुकलंच माझं," ज्यूदित म्हणाली. "मला तेओ दिसायला हवा होता."

"वहिनी, तुम्हाला दिसला नाही. पण तिला दिसत होता. ती तर त्याच्यापाशीच होती."

"तिला काय कळतं? सात वर्षांची आहे."

"ओळी लावायचं कळतं," अब्राम म्हणाला. तो बाकाशी बसला होता, पण समोर घड्याळ नव्हतं. तेओचा अंगरखा होता, आणि तो त्याला दोऱ्या शिवत होता. घड्याळवाल्याचे टाके, भिंगातून बघून घातलेले, एकसारखे. "एकाच घरात मुलाला मोकळं सोडायचं आणि मुलीला बांधायचं. ठीक आहे. पण मोकळ्याला धरणार कोण? बांधलेलीच ना? तिला तर आपण हात सोडायला शिकवलंय." त्याने दोरा दातांनी तोडला. "हे दोन भाग त्या माणसाने एका टेबलावर बसून लिहिले असतील, पण एका दिवशी लिहिले नसतील."

"तुम्ही म्हणालात, घरातलं तू बघ," ज्यूदित म्हणाली.

"म्हणालो," अब्राम म्हणाला. "आणि मी वर बसून चाकं बघत होतो."

 ज्यूदित त्या अंगरख्याकडे बघत होती. पोराला दोऱ्या शिवून झाल्या. पोरीला काय शिवायचं, ते तिला सुचत नव्हतं.

तिने हाका मारणं बंद केलं. वाटलं, नियम थांबवला की पोर पूर्वीसारखी होईल. पण पेर्नेतने वेगळंच केलं. ती काही सुरूच करेना. पितळी चाकांची डबी तिने बापाच्या बाकाखाली ठेवून दिली. बाहुलीचा अर्धा शिवलेला झगा तसाच. सकाळी उठून, तोंड धुऊन, मांडीवर हात ठेवून बाकावर बसायची. बोलावलं की यायची, सांगितलं ते करायची, आणि परत येऊन बसायची. शेजारणी म्हणायच्या, काय गुणाची पोर आहे.

एकदा चर्चला जाताना ज्यूदित म्हणाली, "तेओचा हात धर." पेर्नेतने दोन्ही हातांनी धरला, इतका घट्ट की तेओ ओरडला. मग तिने आईकडे बघून विचारलं, "तू हाक मारणार आहेस का?"

"नाही गं."

"मग मी कधी सोडू?"

 "तुला वाटेल तेव्हा," चर्चचं दार आलं तेव्हा ज्यूदित म्हणाली. पेर्नेतने मान हलवली, पण तिला ते कळलं नाही हे उघड दिसत होतं. चर्चमध्ये बसल्यावरही तिने हात सोडला नाही, आणि तेओ उपदेशभर मुसमुसत राहिला.

शरदात वन्सं आल्या. चीजचा गोळा खाली ठेवला, खुर्ची ओढली, आणि सार पुढ्यात आलं तरी मीठ कमी आहे की जास्त ते बोलल्याच नाहीत. त्यांचं लक्ष बाकावर होतं.

"ही अशी कधीपासून बसते?"

ज्यूदितने सगळं सांगितलं. नदी, गोटे, अंगरखा. तिला वाटलं होतं वन्सं म्हणतील, मी सांगितलं नव्हतं? त्या म्हणाल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

"मी आता हाक मारत नाही," ज्यूदित म्हणाली.

"मारत नाहीस, पण बघतेस. मी आल्यापासून बघते आहे, तुझे डोळे तिच्यावरून हलत नाहीत. तिला वाटतं आता मारशील, मग मारशील. मी तिच्या जागी असते तर मीसुद्धा काही हातात घेतलं नसतं."

"मग मी काय करू? डोळे मिटून बसू?"

"तुला ते जमायचं नाही. तू बाळ होतीस तेव्हापासून अशीच असशील." वन्सं पावाचा तुकडा सारात बुडवत म्हणाल्या, "मला दे तिला. वसंतापर्यंत. मी दिवसभर लेसच्या उशीवर मान घालून असते, मला कुणाकडे बघायला वेळ नसतो. माझ्याकडे ती मेली की जगली तेसुद्धा मला जेवायच्या वेळेला कळेल."

"वन्सं, असं काय बोलता."

"बरं, नाही बोलत. पण दे."

ज्यूदितला वडील आठवले, त्यांचा पुस्तक मिटणारा हात. पोरीला घरातून उचलून डोंगरात धाडायचं, म्हणजे हीसुद्धा एक हाकच झाली. तिने या वेळी पेर्नेतला विचारलं. समोर बसून, कारण सांगून, पहिल्यांदाच. "आत्याकडे जायचं का? मी म्हणते म्हणून नाही. तुला वाटलं तरच."

 ज्यूदितने स्वतःला बजावलं, तोंड उघडायचं नाही. मग पेर्नेत बाकाखाली वाकली, चाकांची डबी बाहेर काढली आणि विचारलं, "ही नेऊ का?"

ते ऑक्टोबरात झालं. आता डोंगरात बर्फ आहे. ज्यूदितला तिसऱ्यांदा दिवस गेले आहेत आणि जिने चढायलासुद्धा अब्राम तिला मना करतो, मग ला शोची वाट कुठली. वन्संना लिहायचा कंटाळा. घड्याळांचे सुटे भाग आणायला-न्यायला जे फेरीवाले वर जातात, त्यांना ती खिडकीतून थांबवते आणि एकच काम सांगते, पोर हातात काही धरते का ते बघून या. ते हो म्हणतात, येताना विसरून येतात. एक जण म्हणाला, पोर छान आहे, गाल लाल आहेत. ज्यूदितला गालांचं ऐकायचं नव्हतं.

म्हणून तिने मला, तिच्या शेजारणीला, सांगितलं आहे, आणि मी तुम्हाला सांगते आहे. तुमचं त्या वाटेने जाणं झालं तर ला शोला थांबा. गुरांच्या पाण्याच्या कुंडाच्या वरचं घर, दारासमोर लाकडं रचलेली असतात. आत जाऊ नका. खिडकीतून आधी बघा, पोरीच्या हातात काही आहे का. चाकं असोत, रिळं असोत, काहीही. असलं तर दारातून तिच्या नावाने हाक मारा, एकदाच. ती हातातलं टाकून लगेच समोर येऊन उभी राहिली, तर तिच्या टोपीवरून हात फिरवू नका, नुसतं वन्संना सांगा की पोरीला वसंतानंतरही ठेवून घ्या. आणि जर आतून आवाज आला की थांबा, एवढं होऊ दे, तर घाई असली तरी बाहेर लाकडांवर बसून राहा, ती येईपर्यंत. मग परत आल्यावर तेवढे जिने चढून ज्यूदितकडे जा. खालून हाक मारू नका, वर जाऊन सांगा.